पन्नास टक्क्यांची भिंत

साल १८८५, शहर तुरिन. रस्त्यावर घोडागाड्यांचा खडखडाट आहे, अंधार पडला की गॅसचे दिवे लागतात, आणि हवा स्वच्छ असेल तर घरांच्या रांगांपलीकडे आल्प्सचा बर्फ दिसतो. तिकडे फार वेळ पाहत राहू नका. नावाने औद्योगिक संग्रहालय, पण प्रत्यक्षात अभियंते घडवणाऱ्या एका संस्थेच्या प्रयोगशाळेत तुम्हाला जायचं आहे. तिथे गॅलिलिओ फेरारिस नावाचे प्राध्यापक टेबलापाशी उभे आहेत. त्यांनी अजून चाळिशी गाठलेली नाही.

टेबलावर तारेची दोन वेटोळी एकमेकांशी काटकोनात बसवली आहेत. त्यांच्या मधोमध तांब्याचं एक नळकांडं आसावर तोलून ठेवलं आहे. जवळ जा, नीट पाहा. नळकांड्याला एकही वायर जोडलेली नाही. ब्रश नाही, कॉम्युटेटर नाही. तुमच्या काळात याचं कुणाला नवल वाटत नाही. पण १८८५मध्ये कामाला लागलेल्या जवळपास सगळ्या मोटरींच्या फिरत्या भागाला घासणाऱ्या ब्रशमधून वीज द्यावी लागते, आणि ब्रश आला की ठिणग्या आल्या, झीज आली.

प्राध्यापक दोन्ही वेटोळ्यांत एसी प्रवाह सोडतात. दुसऱ्या वेटोळ्यातला प्रवाह पहिल्यापेक्षा पाव आवर्तन मागे आहे. पहिलं पूर्ण जोरात असतं तेव्हा दुसरं शून्यावर असतं. पहिलं ओसरू लागलं की दुसरं चढतं. वेटोळी जागची हलत नाहीत, पण त्यांच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा गोल फिरू लागते. हे फिरतं क्षेत्र तांब्याला कापत जातं, तांब्यात आपोआप प्रवाह उमटतो, त्या प्रवाहाला क्षेत्र ओढतं, आणि नळकांडं क्षेत्राच्या मागे धावू लागतं. पॅरिसमध्ये आरागोने साठ वर्षांपूर्वी फिरत्या तांब्याच्या तबकडीमागे चुंबकसुई ओढली जाताना पाहिली होती. त्यामागचं कारण फॅरडेला १८३१मध्ये सापडलं. तीच गोष्ट आता तुमच्यासमोर मोटर होऊन फिरते आहे.

नळकांड्याच्या वेगाकडे लक्ष द्या. ते क्षेत्राला कधीच गाठत नाही, आणि गाठणं शक्यही नाही. दोघांचा वेग सारखा झाला तर क्षेत्र तांब्याला कापणार नाही, प्रवाह उमटणार नाही, ओढ संपेल. मागे राहणं हीच फिरण्याची अट आहे. किती मागे राहायचं, या आकड्याला आपण आज स्लिप म्हणतो. रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, रचनेचा बहुतेक इतिहास या एका आकड्याभोवती फिरतो, कारण हवेची फट ओलांडून रोटरकडे जेवढी शक्ती जाते, तिचा बरोबर स्लिपइतका हिस्सा रोटरच्या अंगातच उष्णता होऊन जातो. स्लिप ४ टक्के असेल तर ४ टक्के शक्ती रोटर तापवण्यात गेली. अशा रीतीने प्रवाह उमटवून फिरणाऱ्या कुठल्याही इंडक्शन मोटरची यातून सुटका नाही.

आता तीन वर्षं पुढे या. १८ मार्च १८८८. तुरिनच्या विज्ञान अकादमीत फेरारिस आपला निबंध सादर करत आहेत. हा माणूस विलक्षण प्रामाणिक आहे. शोधाचं पेटंट त्याने घेतलेलं नाही, आणि आपल्या यंत्राचं मोठेपण वाढवून सांगण्याची त्याला गरज वाटत नाही. त्याने गणित मांडलं आहे: नळकांडं क्षेत्राच्या निम्म्या वेगाने फिरतं तेव्हा त्यातून सर्वांत जास्त शक्ती मिळते. निम्मा वेग म्हणजे ५० टक्के स्लिप, म्हणजे निम्मी शक्ती तांब्यात जळून जाणार. यावरून त्याने निष्कर्ष काढला की उद्योगात वापरण्याची मोटर म्हणून या यंत्राला महत्त्व नाही.

तुम्ही मागच्या बाकावर बसला आहात आणि जगातल्या जवळपास निम्म्या विजेवर मोटरीच चालतात हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे हे ऐकवत नाही. तरीही शांत राहून त्याचं गणित तपासा, कारण गणितात चूक नाही. त्याच्या नळकांड्याला ते तंतोतंत लागू पडतं. चूक प्रश्नात आहे. या नळकांड्यातून जास्तीत जास्त शक्ती कुठल्या वेगाला मिळेल, एवढंच फेरारिसने विचारलं. जेमतेम मागे राहूनही पुरेसा जोर देणारा रोटर कसा असावा, हा प्रश्न त्याच्यासमोर आलाच नाही. पन्नास टक्क्यांची भिंत निसर्गाने बांधलेली नव्हती, ती तांब्याच्या त्या एका आकाराची होती. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत शिकवणारी घटका वाटते, म्हणून तुम्हाला इथे जास्त वेळ थांबवलं.

अटलांटिकपलीकडे त्याच वर्षी १ मे रोजी निकोला टेस्लाला त्याच्या मोटरींची पेटंटं मिळतात आणि १६ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये तो त्यांवर व्याख्यान देतो. ती गोष्ट तुम्ही अनेकदा वाचली असेल. आपण बर्लिनला जाऊ.

बर्लिनमध्ये एईजी कंपनीत मिखाइल दोलिव्हो-दोब्रोव्होल्स्की काम करतो. रशियात जन्मलेला. १८८१मध्ये झारच्या हत्येनंतर विद्यार्थ्यांवर बडगा उगारला गेला तेव्हा रीगाच्या पॉलिटेक्निकमधून त्याला काढून टाकलं, मग तो जर्मनीत डार्मश्टाटला येऊन विद्युत अभियांत्रिकी शिकला. फेरारिसचा निबंध त्याने वाचला आहे आणि त्या शेवटच्या निष्कर्षावर तो अडला आहे. रोटरचा रोध कमी केला तर? मग थोड्याशा स्लिपलाही भरपूर प्रवाह उमटेल, जोर तेवढाच मिळेल आणि उष्णता कमी होईल.

म्हणजे तांबं जाड करायचं? तसं करून पाहा, लगेच दुसरी अडचण पुढे येते. चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने तांबं आणि हवा यांत फारसा फरक नाही. जितकं तांबं जाड, तितकं क्षेत्राला ते ओलांडून जाणं अवघड. क्षेत्राला लोखंड हवं असतं, प्रवाहाला तांबं. दोघांनाही एकाच जागेत राहायचं आहे.

दोब्रोव्होल्स्कीची तोड तुम्ही हातात घेऊन पाहू शकता. लोखंडी दंडगोल, त्याच्या परिघालगत आरपार भोकं, प्रत्येक भोकात तांब्याची सळई, आणि दोन्ही टोकांना सगळ्या सळया जोडणारी तांब्याची एकेक कडी. क्षेत्र सळयांमधल्या लोखंडी दातांतून जातं, प्रवाह सळयांतून जाऊन टोकाच्या कडीतून परत फिरतो. लोखंड बाजूला ठेवून नुसतं तांबं पाहिलं तर तो पिंजरा दिसतो. स्क्विरल केज हे नाव त्यावरूनच आलं. पेटंट १८८९चं आहे, आणि ते घेणारा तेव्हा सत्ताविशीत होता. आज तुमच्या गावच्या पिठाच्या गिरणीतली मोटर उघडली तरी आत हीच रचना निघेल.

दोनच वर्षांनी, १८९१मध्ये, फ्रँकफर्टच्या विद्युत प्रदर्शनात या. नेकार नदीवरच्या लाउफेन गावात पाण्यावर जनित्र फिरतं आहे आणि त्याची वीज १७५ किलोमीटर अंतर कापून तीन तारांमधून इथे पोचली आहे. तिच्यावर हजारभर दिवे लागले आहेत. त्यांच्याजवळ शंभर अश्वशक्तीची मोटर पंप चालवते आहे, आणि त्या पंपाने चढवलेलं पाणी कृत्रिम धबधबा होऊन कोसळतं आहे. एका नदीच्या पाण्याने दूरच्या शहरात दुसरं पाणी वर चढवलं. तुरिनमधल्या त्या सभेला जेमतेम साडेतीन वर्षं झाली आहेत.

मुंबईत हे सगळं १९१५मध्ये येतं. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून घाटाच्या पाण्यावर केलेली वीज परळच्या उपकेंद्रात उतरते आणि गिरणगावातल्या गिरण्या तिच्यावर मोटरी चालवू लागतात. गिरणीच्या खात्यात उभे राहा: हवेत कापसाचे तंतू तरंगताहेत, श्वासाबरोबर आत जाताहेत. अशा जागी ठिणगी म्हणजे आग. ठिणगी न टाकणारा, वायर न जोडलेला पिंजरा इथे किती मोलाचा आहे, ते वेगळं सांगायला नको.

पण त्या पिंजऱ्याची एक खोड इथेच कळते. रोध कमी असलेला रोटर धावताना उत्तम, उठताना वाईट. मोटर चालू करताच तो प्रचंड प्रवाह ओढतो आणि त्या मानाने जोर थोडाच देतो. भरलेलं यंत्र उचलायचं तर रोध जास्त हवा. दिवसभर काटकसरीने चालायचं तर कमी. एकाच सळईने दोन्ही कसं करायचं?

आता तुम्हाला लहान होऊन रोटरच्या खाचेत उतरावं लागेल. तुमच्यासमोर एक उंच, अरुंद सळई उभी आहे, वरचं टोक हवेच्या फटीजवळ, खालचं खोल लोखंडात. बटण दाबलं. रोटर अजून स्थिर आहे, त्यामुळे क्षेत्र सेकंदाला पन्नास वेळा सळईवरून जातं. एवढ्या वेगाने बदलणारा प्रवाह खोलवर उतरू शकत नाही. तो वरच्या कडेलाच दाटतो. सळईचा थोडाच भाग वापरात, म्हणून रोध जास्त, म्हणून उठायला जोर. मोटर वेग घेते तशी रोटरमधली वारंवारता उतरत जाते: पन्नास, तीस, दहा, आणि शेवटी एक-दोन. आता प्रवाह सावकाश बदलतो, तळापर्यंत पसरतो, पूर्ण सळई कामाला लागते, रोध पडतो. कुणी स्विच फिरवला नाही. धातूच्या आकारानेच ते केलं. फ्रान्समधल्या पॉल बूशेरोने याच विचाराने एकाखाली एक असे दोन पिंजरे बसवले, वरचा जास्त रोधाचा, खालचा कमी रोधाचा. रोटरच्या रचनेत मला यापेक्षा देखणी युक्ती दुसरी माहीत नाही.

पुढच्या काही दशकांत मोटर गिरण्यांतून घरोघर जाते. तिथे थोडक्यात पाहा. लोखंडी दंडगोल अखंड राहत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीच्या, एकमेकींपासून विलग केलेल्या पत्र्यांची चवड होते, म्हणजे लोखंडात भोवरे घेणारे प्रवाह तुटतात. पत्र्यात सिलिकॉन मिसळतात. खाचा किंचित तिरक्या करतात, आणि रोटरच्या खाचांची संख्या स्टेटरपेक्षा, म्हणजे स्थिर भागापेक्षा, वेगळी ठेवतात, नाहीतर दात दातांसमोर येऊन मोटर अडते किंवा गुरगुरते. सळया हाताने बसवून डाख देण्याऐवजी वितळलेलं ॲल्युमिनियम दाबाने खाचांत ओततात. सळया, टोकाच्या कड्या आणि हवा मारणारी पाती एका ओतात तयार. मोटर स्वस्त झाली, मजबूत झाली. पण ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्केच आहे. म्हणजे स्लिप वाढली. वीज स्वस्त होती तोवर तिकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि लोक मोटरच्या प्रत्येक टक्क्याकडे पाहू लागले. ॲल्युमिनियमच्या जागी तांबं ओता, हे सांगायला सोपं. ओतशाळेत उभे राहून पाहा म्हणजे अवघड का ते कळेल. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. ते पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, शिरलं की डायच्या पृष्ठभागाला काही ओतांतच भेगा पडतात. निकेलच्या मिश्रधातूंच्या डाय वापरायच्या आणि त्या आधीच तापवून ठेवायच्या, हा उपाय जुळायला विसावं शतक सरलं. सीमेन्सने असे ओतीव तांब्याचे रोटर असलेल्या मोटरी २००६मध्ये अमेरिकेच्या बाजारात आणल्या. यातही नुसती धातूची अदलाबदल करून भागलं नाही. रोध घटला की उठण्याचा जोरही घटतो, म्हणून खाचेचा आकार नव्याने आखावा लागला. रोटरमध्ये एक गोष्ट बदलली की तिच्यामागून तीन बदलाव्या लागतात.

आता तांब्याकडून चुंबकाकडे वळा. टोकियो, जानेवारी १९७८. एका परिसंवादात तुम्ही फुजित्सू कंपनीतल्या मासातो सागावा या संशोधकाशेजारी बसला आहात. दुर्मीळ मृदा आणि लोखंड यांच्यापासून चांगलं चुंबक का बनत नाही, हे व्याख्याता सांगतो आहे: लोखंडाचे अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. सागावाच्या मनात येतं, मग मध्ये बोरॉन किंवा कार्बनसारखे लहान अणू घालून त्यांना दूर का ठेवू नये? १९८२मध्ये तो फुजित्सू सोडून सुमितोमो स्पेशल मेटल्समध्ये जातो, आणि १९८३मध्ये निओडिमियम, लोखंड व बोरॉनचं चुंबक जगासमोर येतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या जॉन क्रोटनेही त्याच सुमारास, स्वतंत्र वाटेने, हेच गाठलं.

हे चुंबक रोटरमध्ये बसवलं की स्लिपचा प्रश्नच मिटतो. रोटरला स्वतःचं क्षेत्र असतं, प्रवाह उमटवावा लागत नाही, तो क्षेत्राच्या बरोबरीने धावतो. फेरारिसच्या तांब्यात जळणारा हिस्सा उरतच नाही. पण चुंबक कुठे ठेवायचं? पृष्ठभागावर चिकटवलं तर वेगाने फिरताना निसटण्याची भीती. म्हणून विजेवरच्या गाड्यांत ते लोखंडाच्या पोटात, बहुधा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात पुरतात. मग चुंबकाच्या टोकाशी, परिघालगत लोखंडाचा एक बारीक पूल उरतो, आणि सगळं भांडण त्या पुलावर येऊन थांबतं. पूल जाड ठेवला तर चुंबकाचं बळ त्यातूनच परस्पर वळून वाया जातं. बारीक केला तर मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांना रोटर फुटू शकतो. आजचा अभियंता संगणकावर अशा शेकडो आकारांची गणितं करतो, आणि एका मिलिमीटरच्या अंशासाठी करतो. त्यात चुंबक तापलं की दुबळं होतं, म्हणून डिस्प्रोसियम मिसळावं लागतं. २०१०-११मध्ये चीनकडून होणारा पुरवठा आवळला गेला आणि अशा दुर्मीळ मृदा धातूंचे भाव कितीतरी पटींनी चढले. तेव्हा कळलं की कार्यक्षमतेचा हा मार्ग एका देशाच्या दारातून जातो.

म्हणून शेवटी एक असा रोटर पाहा, ज्यात चुंबक नाही आणि पिंजराही नाही. कल्पना कोस्तको नावाच्या अभियंत्याने १९२३मध्ये मांडली होती. प्रवाहाचं अचूक नियंत्रण करणारे ड्राइव्ह हाताशी आल्यावर एबीबीने तशा मोटरी २०११मध्ये बाजारात आणल्या. पत्र्यात कांद्याच्या पाकळ्यांसारख्या एकाआड एक कमानी कापलेल्या आहेत, मध्ये नुसती हवा. एका दिशेने क्षेत्राला लोखंडाची मोकळी वाट, काटकोनातल्या दिशेने हवेचे अडथळे. सोप्या वाटेवर यावं म्हणून रोटर स्वतःला वळवत राहतो, आणि क्षेत्र फिरतं तसा फिरतो. चालू मोटर थांबवून रोटरला हात लावा: तो पिंजऱ्याच्या रोटरपेक्षा स्पष्टपणे गार असतो, आणि गारवा बेअरिंगचं आयुष्य वाढवतो. याच्याही अडचणी आहेत. पॉवर फॅक्टर कमी असतो, आणि ड्राइव्हशिवाय तो चालत नाही. तरीही, लोखंड आणि रिकामी जागा एवढ्यावर ही मजल गाठता येते हे मला फार मोलाचं वाटतं.

तुमच्या काळात परत या. रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात जळलेल्या स्टेटरची गुंडाळी चालू असते आणि रोटर कोपऱ्यात पडलेला असतो, कारण त्यात जळण्यासारखी वायरच नसते. तो कोपऱ्यातला रोटर महिन्याच्या बिलात भर घालत असतो. मोटरच्या नेमप्लेटवर त्याची खूण असते. पन्नास हर्ट्‌झवर चार पोलच्या मोटरीचं क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेतं. पाटीवर १,४४० आरपीएम असेल तर स्लिप ४ टक्के. १,४७० असेल तर २ टक्के. व्होल्टेज खाली उतरतं तेव्हा हाच स्लिपचा आकडा वाढतो आणि शेतातली मोटर आणखी तापते.

नवी मोटर घेताना हा आकडा आणि कार्यक्षमतेचा आयई वर्ग, दोन्ही वाचा. साडेसात किलोवॉटच्या चार पोल मोटरीची कार्यक्षमता आयई-१ वर्गात ८६ टक्के, आयई-४ मध्ये ९२.६ टक्के. पूर्ण भारावर वर्षाला ४,००० तास चालणाऱ्या अशा मोटरीत हा फरक सुमारे अडीच हजार युनिटचा होतो. पंपावर बसवत असाल तर एक काळजी घ्या: नवी मोटर थोडी जास्त वेगाने धावेल, आणि पंपाची मागणी वेगाच्या घनाने वाढते, १,४४० वरून १,४६५ वर गेलात तर भार ५ टक्क्यांनी चढतो. तेव्हा इम्पेलर किंवा पुली जुळवून घ्या, नाहीतर वाचवलेली वीज पाणी जास्त उपसण्यात जाईल.

घरात पंखा बदलायचा असेल तरी हेच पाहा. साधा छताचा पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो. ज्याच्या रोटरमध्ये चुंबक बसवलं आहे असा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. छताच्या पंख्यांवर तारांकनाचं लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं आहे. दुकानदाराला ते दाखवायला सांगा.